इंजिनाला खांदा

कौसाबाई देवळात गेल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि कौसाबाई काही केल्या घराबाहेर पडत नव्हत्या. आधी त्यांना चष्मा सापडेना. चष्मा सापडला तर तुळशीची माळ गळ्यात आहे की खुंटीवर यात थोडा वेळ गेला. मग त्यांनी मांजरीसाठी वाटीत दूध काढलं आणि सवयीनं त्यावर झाकण ठेवलं. मांजर वाटीभोवती फिरून ओरडायला लागलं तेव्हा परत येऊन झाकण काढलं.

चैत्रातली एकादशी होती, रविवार होता, आणि खरवईच्या विठ्ठलमंदिरात दुपारचं कीर्तन होतं. कौसाबाईंनी आजवर कीर्तन चुकवलं नव्हतं. आज त्यांनी ते चुकवू नये याची सगळ्यात जास्त काळजी हिंदुरावांना लागली होती.

"अगं, बुवा उभे राहिले असतील. सुरुवात चुकेल तुझी."

"तुमी नाय येत?"

"माझा गुडघा."

"सकाळी तर बरा व्हता."

"सकाळी बराच होता," हिंदुराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोट्यात जमेल तेवढं खरं घालत असतो.

कौसाबाईंनी पडवीत येऊन पाटावरच्या इंजिनावरून जुन्या लुगड्याचा बोळा फिरवला, "ह्याला कुणी हात लावायचा नाय," असं पडवीला उद्देशून सांगितलं आणि चपला घालून निघाल्या. त्या वळणाआड गेल्या तसा न्हाणीच्या मागं केव्हाचा उकिडवा बसलेला प्रमोद गुडघे चोळत बाहेर आला.

"जय भीम, काका. गेल्या?"

"राम कृष्ण हरी. गेली. आता लवकर आवर, बाबा."

पाटावरचं ते इंजिन विनीतचं होतं. विनीत म्हणजे हिंदुरावांचा मुलगा. त्यानं एक जुनी पिकअप घेतली होती, भाजी वाहायची. गाडी आली तीच खोकत आली. तेव्हा आयटीआयपासूनचा मित्र प्रमोद अंबरनाथहून दर रविवारी यायचा आणि दोघांनी मिळून हेच इंजिन अंगणात उघडलं होतं. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नट डब्यांतून, स्प्रिंगा खिडकीत, आणि पिस्टन कौसाबाईंच्या भाकरीच्या परातीत, रॉकेलमध्ये. त्या परातीवरून कौसाबाई पोराला जे बोलल्या होत्या ते आळीनं ऐकलं होतं. परातीला रॉकेलचा वास राहिला तो राहिलाच. पण ती परात त्यांनी कधी मोडीत घातली नाही.

पुढं दोन हजार पाचच्या जुलैत नदी गावात आली. विनीतनं पिकअप रस्त्यावर सोडली आणि खालच्या चाळीतली माणसं काढायला पाण्यात उतरला. बरीच काढली. शेवटची एक म्हातारी उरली आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून पुन्हा गेला. म्हातारी दुसऱ्याच बाजूनं आधीच निघाली होती. पाणी ओसरल्यावर पिकअप सापडली, नाक शेतात खुपसून बसलेली, सीटपर्यंत गाळ. विनीत सापडला नाही. हिंदुराव आणि प्रमोद नदीच्या काठाकाठानं कल्याणच्या खाडीपर्यंत जाऊन आले. काही सापडलं नाही.

भटजी आले. देह नसला तर दर्भाचा करून विधी करता येतो असं त्यांनी सांगितलं. कौसाबाईंनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. "न सापडलेल्या माणसाचं कसलं दहावं?" एवढंच म्हणाल्या. सुतक पाळलं नाही, दिवस घातले नाहीत. रडल्याही नाहीत, आणि गावाला खरी भीती त्याचीच वाटायची. रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापली जायची आणि सकाळी ती गाईला जायची. हिंदुराव त्यावर कधी बोलले नाहीत. मुलगा गेल्याचं त्यांना कळत होतं, पण एकाच घरात एकानं रडायचं आणि एकानं वाट बघायची हे कसं जमवायचं ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून तेही रडले नाहीत.

पिकअप ताडपत्रीखाली अंगणात उभी राहिली. आत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. इंजिन गाळानं जाम झालं होतं, पण कौसाबाई कुणाला हात लावू देत नव्हत्या. तो आला की करेल, असं म्हणायच्या.

शेवटी एका रविवारी प्रमोद म्हणाला, "काकी, तो आला आणि गाडी अशी बघितली तर मला काय म्हणेल? दीड वर्ष झोपला होतास काय, म्हणेल."

कौसाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "खरं हाय तुझं. मग घाल दुसरं इंजिन. पण ह्ये जुनं घराबाहेर जायचं नाय."

प्रमोदला वाटलं होतं काकी रागावतील. त्या एवढ्या पटकन तयार झाल्या म्हटल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला समजलं, आणि त्या दिवशी तो वाढलेल्या ताटावरून तसाच उठला.

उल्हासनगरला टेकचंद शेठ जुनी इंजिनं विकायचे. त्यांच्याकडची पद्धत साधी होती, जुना दो, दूसरा लो. बंद पडलेलं इंजिन आणून द्यायचं आणि चालू घेऊन जायचं. प्रमोदनं सगळी हकीगत सांगितली तेव्हा टेकचंद शेठनी डोळे पुसले आणि चालू इंजिन आधी देऊन टाकलं. "साईं, जुना आरामसे भेजना," म्हणाले.

इंजिन बदलायला काही रविवार गेले. अंगणातल्या फणसाच्या फांदीला चेनब्लॉक टांगला. जुनं इंजिन वर उचललं गेलं तशी फांदी कण्हली आणि हिंदुराव खालून विठ्ठलाचा धावा करत उभे राहिले. नवं बसवून झाल्यावर एक बोल्ट शिल्लक राहिला. तो कुठला हे कुणालाच सांगता येईना. प्रमोद म्हणाला, कंपनीवाले एखादा जास्तच देतात. हे इंजिन त्याआधी दोघा-तिघांच्या हाताखालून गेलं होतं हे कुणी काढलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा एवढा धूर झाला की कोंबड्या शेजारच्या जनूच्या माळ्यावर गेल्या. कौसाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"ह्यो आवाज त्याच्या गाडीचा नाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

जुन्या इंजिनाला पडवीत पाट मिळाला. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळायचा. कौसाबाई ते रोज पुसायच्या, त्यावर कुणाला कप ठेवू द्यायच्या नाहीत. इकडं टेकचंद शेठ अधूनमधून फोन करायचे. नेमका कौसाबाईंनी उचलला की त्यांना इंजिनाचं विचारवत नसे. ते तब्येतीची चौकशी करून ठेवून द्यायचे. कौसाबाई म्हणायच्या, माणूस किती चांगला, काही काम नसताना फोन करतो.

जुनं इंजिन पाठवायचा शब्द हिंदुरावांनी टेकचंद शेठना दिलेला होता. ज्यानं न मागता विश्वास टाकला त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्यांनी उल्हासनगरच्या बाजूला जायचं सोडलं होतं. म्हणून हा एकादशीचा बेत. कौसाबाई कीर्तनात, आणि टेकचंद शेठचा टेम्पो हमरस्त्यावर. रिकामा पाट बघून त्या काय म्हणतील ते इंजिन गेल्यावर बघायचं होतं.

हमरस्त्यावर, कारण आळीत येऊ शकत नव्हता. बारवी धरणाच्या पाण्याची नवी पाइपलाइन टाकायला आळीचं तोंड आडवं खणून ठेवलं होतं आणि त्यावर एक फळी टाकली होती. नवं इंजिन आलं तेव्हा रस्ता होता, जुनं जायच्या वेळी नव्हता. पिकअपही अंगणातच अडकली होती. तेव्हा इंजिन खांद्यावरून न्यायचं, याला इलाज नव्हता.

प्रमोदनं आपल्या कंपनीतले दोन दणकट जोडीदार आणले होते, चौथा जनू. जनूच्या वाड्यातून दोन लांब बांबू आणले, त्यांना आडव्या काठ्या बांधल्या, मध्ये इंजिन ठेवून काथ्यानं आवळलं. उघडं नेलं तर कुणीतरी बघणार आणि कौसाबाईंना सांगणार, म्हणून वरून काहीतरी घालायला हवं होतं. हिंदुरावांनी कीर्तनासाठी धुऊन ठेवलेलं पांढरं धोतर काढून दिलं. इंजिनात उरलेलं काळं तेल ठिबकत गेलं असतं तर वाटभर माग राहिला असता. ते काढायला डबा शोधला तर तो खालून गळका निघाला. घरात रिकामं असं एक मडकं होतं. ते तेलाचं मडकं कुणी धरायचं? हिंदुरावांचा खांदा म्हातारा, म्हणून ते मडकं घेऊन पुढं चालले.

खणलेल्या चरावरची फळी ओलांडून मंडळी रस्त्याला लागली. आपण कसे दिसतो आहोत हे पाचांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

ते पहिल्यांदा न्हाव्याच्या लक्षात आलं. तो अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून उठला, दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि हात जोडले. साबण लावलेलं गिऱ्हाईकही उभं राहिलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. फुलवालीनं एकादशीच्या उरलेल्या माळांतली एक आणून धोतरावर ठेवली.

"काका," प्रमोद मागून दबक्या आवाजात म्हणाला, "हे लोक काय समजतायत, कळतंय ना तुम्हाला? सांगा त्यांना."

"तूच सांग."

"गाव तुमचं आहे."

"सांगितलं तर तासाभरात तिच्या कानावर जाईल. चल, पुढं कुणी नसेल."

पुढं सगळेच होते. आणि या गावची रीत अशी की कोण गेलं हे विचारायचं नाही. ज्याच्या घरचं गेलं त्याला ते तोंडानं बोलायला लावू नये. आपण गुपचूप खांद्याला यावं. त्यामुळं कुणी विचारेना. न्हाव्यानं पुढं येऊन जनूच्या पाठीवर हात ठेवला आणि बांबू आपल्या खांद्यावर घेतला. चहावाल्यानं दुसरी बाजू घेतली. प्रमोदनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा खांदा एवढा सुजला होता की तोंडातून शब्दच निघाला नाही.

"जड आहे रे," चहावाला पुटपुटला.

"दुःख सोसलेलं माणूस," न्हावी म्हणाला. "जडच होतं."

मडकं हिंदुरावांच्या हातात आहे हे सगळे बघत होते. कौसाबाई कुठं दिसत नाहीत हेही बघत होते. पोराच्या मागं आईनं दोन वर्षं काढली, तेवढीही पुष्कळ झाली, अशी कुजबुज मागं मागं गेली आणि मागून माणसं वाढत गेली. कुणी गुलाल आणला, कुणी लाह्या.

वडाच्या वळणावर कोंडाजीबुवांचं भजनी मंडळ समोरून आलं. मंडळी कीर्तनात साथीला निघाली होती, टाळ गळ्यात, पखवाज पाठीवर. टाळ गळ्यात असताना समोरून तिरडी आली तर टाळकऱ्यानं तिला मुकी जाऊ द्यायची नाही, हा कोंडाजीबुवांचा नेम होता. त्यांनी एक शब्द विचारला नाही. हिंदुरावांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, वळले आणि विठ्ठलनाम लावलं. पखवाजवाल्यानं पखवाज पुढं घेतला.

हिंदुरावांनी ठरवलं होतं की आता सांगायचं. बुवा शहाणे आहेत, त्यांच्या कानात सांगायचं, ते सांभाळून घेतील. पण टाळ वाजायला लागले आणि सांगायचं राहूनच गेलं. पोराच्या पुढं असं मडकं धरून चालावं लागणं हे बापाचं नशीब किती वाईट, असं लोक म्हणतात. हिंदुरावांना तेवढंही मिळालं नव्हतं. ते चालता चालता रडायला लागले, मोठ्यानं. हातातलं तेल हिंदकळून त्यांच्या नेसत्या धोतरावर सांडत होतं. त्यांच्याकडं बघून प्रमोद रडायला लागला. मग कंपनीतले जोडीदारही रडायला लागले, त्यांनी तर विनीतला पाहिलंही नव्हतं. आता कुणी सांगितलं असतं की धोतराखाली इंजिन आहे, तर त्यालाच लोकांनी गप्प केलं असतं.

देवळात कीर्तनकार बुवांनी नुकता रंग भरायला घेतला होता. बायकांच्या बाजूला कोपऱ्यात वेणूबाई उशिरा येऊन टेकल्या, डोळ्यांना पदर लावला आणि हुंदके द्यायला लागल्या. शेजारणीनं हळूच विचारलं काय झालं म्हणून.

"गेली गं आपली कौसा."

"कोण कौसा?"

"हिंदुरावाची. आता बघून आले. मडकं धरून पुढं चाललाय बिचारा, लहान पोरासारखा रडतोय. सकाळीच मला ताक दिलं व्हतं गं तिनं."

"सकाळी नाय, काल दिलं," शेजारीण म्हणाली.

वेणूबाईंनी पदर खाली केला. बघितलं. पुन्हा पदर वर केला, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

कौसाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी वेणूबाईंचं मनगट धरलं. "ह्यांच्या हातात मडकं व्हतं? नक्की?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं. वर पांढरं घातलेलं, चौघांच्या खांद्यावर. कोंडाजीबुवा हायत पुढं."

कौसाबाई बसल्या जागी विचार करत राहिल्या. आपण इथं आहोत. हे तिथं चालत आहेत. लेक तेजस्वी अंबरनाथला तिच्या घरी, सकाळीच तिचा फोन आला होता. त्या घरातलं आता एकच माणूस उरत होतं.

"सापडला," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या नाहीत. उठल्या आणि चपला न घालता देवळाबाहेर पडल्या. वेणूबाई त्यांच्या मागं पळाल्या. त्या पळाल्या म्हणून बाकीच्या बायका उठल्या. बुवांनी समोरची रिकामी जागा बघितली, टाळ खाली ठेवले आणि तसेच उभे राहिले.

गावाबाहेर जिथं देवळाची वाट रस्त्याला मिळते तिथं विसाव्याचा दगड आहे. तिरडी तिथं एकदा टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि बायका तिथून मागं फिरतात. एक रस्ता नदीकडं, मसणवटीत जातो, दुसरा हमरस्त्याला. प्रमोदची सगळी भिस्त या दगडावर होती. टेकवली की सांगून टाकू, टेम्पो समोरच उभा असेल. मंडळी दगडाजवळ पोचली. कोंडाजीबुवा डोळे मिटून गात होते. न्हावी आणि चहावाला पुढून खाली वाकायला लागले आणि त्यांनी वर बघितलं.

देवळाच्या वाटेनं, केस सुटलेले, अनवाणी, कौसाबाई सरळ त्यांच्याकडं पळत येत होत्या.

जिला आपण खांद्यावरून आणलं तीच समोरून येते आहे म्हटल्यावर कुणाचा धीर टिकेल? न्हाव्यानं बांबू सोडला. चहावाल्यानं सोडला. तिरडी विसाव्याच्या दगडावर पडली आणि ठण्ण असा आवाज झाला. तो आवाज पार नदीपर्यंत गेला असावा. पखवाज थांबला. टाळ थांबले. कोंडाजीबुवांचे डोळे मिटलेलेच होते, त्यांनी आणखी एक ओळ म्हटली आणि मग तेही थांबले.

कौसाबाईंनी कुणाकडं बघितलं नाही. त्या दगडापाशी गुडघ्यांवर बसल्या. धोतराचं टोक हातात धरलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि वर उचललं.

झेंडूच्या माळा, गुलाल, लाह्या आणि त्याखाली काळं लोखंड.

मागं कुणीतरी हसलं. आपण एकटेच हसतोय हे ध्यानात आल्यावर ते खोकल्यासारखं करून गप्प झालं.

"अगं, मी सांगणारच होतो," हिंदुराव म्हणाले. मडकं अजून त्यांच्या हातातच होतं.

"काकी, यांची चूक नाही," प्रमोद पुढं आला. "मीच तुम्हाला खोटी आशा लावली. तो आला तर म्हणून बोललो. बोलायला नको होतं."

कौसाबाईंनी इंजिनावर हात ठेवला. त्या रागावतील, हे असंच उचलून परत पडवीत नेऊन ठेवा म्हणतील, असं सगळ्यांना वाटलं. ते वाटणंही रास्त होतं.

"मला वाटलं सापडला," त्या म्हणाल्या.

त्यांनी इंजिनावरच्या लाह्या बोटानं बाजूला सारल्या.

"देवळापास्नं पळत आले. वाटंनं देवाला सांगत आले, चेहरा तरी ओळखू येऊ दे. रस्ताभर तो गेलाच म्हणून आले मी." त्यांनी हिंदुरावांकडं बघितलं. "आता घरी जाऊन तो यायचाय असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

आणि मग कौसाबाई रडल्या. दोन वर्षं गाव ज्याची वाट बघत होतं आणि ज्याला भीत होतं ते रडणं त्या दगडापाशी एकदम आलं. हिंदुराव मडकं खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसले. एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकाच वेळी रडत होते. वेणूबाईंनी कौसाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचं स्वतःचं रडणं आधीपासून चालू होतंच, ते फक्त कारण बदलून पुढं चालू राहिलं.

बऱ्याच वेळानं कोंडाजीबुवा पुढं झाले. "वहिनी, आता काय करायचं?"

कौसाबाईंनी धोतर पुन्हा इंजिनावर नीट पसरलं. "थांबलात का? उचला."

"कुठं न्यायचं?"

"जिथं न्यायचं ठरलं व्हतं तिथं. आन् मुकाट नेऊ नका. म्हणा."

फसलो म्हणून निघून जायला ही वेळ बरी होती, पण कुणी गेलं नाही. न्हाव्यानं पहिला खांदा दिला. आत लोखंड आहे हे कळल्यावर ते एकदम दुप्पट जड झालं, तरी त्यानं बदली मागितली नाही. विसाव्यापासून बायकांनी मागं फिरायचं असतं. कौसाबाई मागं फिरल्या नाहीत आणि त्यांना कुणी तसं सांगितलंही नाही. त्या तिरडीला हात लावून चालत राहिल्या.

हमरस्त्यावर टेम्पोवाला बिडी ओढत उभा होता. त्याला सांगितलं होतं, चार माणसं एक भंगार इंजिन आणून देतील. समोरून टाळ-पखवाज वाजवत शंभरभर माणसं आली. त्यानं बिडी विझवली, डोक्याला रुमाल बांधला आणि गाडीचा मागचा फाळका स्वतः उघडला. गुलालानं माखलेलं इंजिन वर चढलं. तेलाच्या मडक्याचं काय करायचं यावर थोडं अडलं. रीतीप्रमाणं मडकं फोडायला हवं होतं, पण प्रमोद म्हणाला की काका, इथं नको, मोटारसायकलवाले घसरतील. मग तेही टेम्पोत ठेवलं.

"शेठ को क्या बोलूँ?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"सांगा की उशीर झाला, माफ करा," हिंदुराव म्हणाले.

टेम्पो गेला. गर्दी मात्र हलेना. आधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्याच आलं. मयताला खांदा दिलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नसतं, देवळात तर नाहीच. आणि देवळात बुवा साथीविना ताटकळत उभे होते. पण खांदा दिला होता कशाला? न्हाव्यानं जनूला विचारलं, जनूनं चहावाल्याला, आणि तो प्रश्न फिरत फिरत कोंडाजीबुवांकडं आला. सोयरसुतकाचा निवाडा गावात तेच करायचे. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "इंजिनाचं कुठं सांगितलेलं नाही," ते म्हणाले आणि हिंदुरावांकडं बघायला लागले. हिंदुराव कौसाबाईंकडं बघायला लागले.

कौसाबाई टेम्पो गेला त्या दिशेला बघत होत्या. त्यांनी हातावरचा गुलाल आणि तेल पदराला पुसलं.

"अंघोळ करा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी करा. मंग देवळात जावा."

गर्दी निमूट पांगली. प्रमोद एका कडेला उभा होता. त्याच्या घरी या रीती कुणी पाळत नव्हतं, आणि हे कौसाबाईंना माहीत होतं. त्यांनी त्याच्या सुजलेल्या खांद्याकडं, तेलानं भिजलेल्या शर्टाकडं बघितलं.

"तू पण चल. आमच्याकडं कर अंघोळ. विनीतचं कपडं पेटीत हायत, काढून देते."

"नको काकी, मी असाच जाईन."

"असाच कसा जाशील?" त्या चालायला लागल्या होत्या. मग थांबून त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "सदरा येईल तुला. पँट आखूड व्हईल. तो तुझ्यापेक्षा बुटका व्हता."